ट्रेल वाढला की गाडी स्थिर? एका गाजलेल्या लेखाची आणि माझ्या वाचनाची उलटतपासणी

संशोधनाच्या तयारीत असलेल्या वाचकांसाठी मी अधूनमधून एखादा गाजलेला शोधलेख घेऊन बसते. त्यात काय सिद्ध झालंय, काय नाही, आणि आपण त्याला काय काय चिकटवतो, हे तपासते. आजचा लेख १९७० चा आहे आणि विषय सायकलचा. पण मला त्याच्याकडे परत जावं लागलं ते एका चुकीच्या उत्तरामुळे, आणि ते उत्तर मीच दिलं होतं.

माझ्या काकांना लहानपणी पोलिओ झाला. ते स्कूटर चालवतात ती मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली. तुम्ही रस्त्यावर अशा गाड्या नक्की पाहिल्या असतील. गेल्या दिवाळीत ते म्हणाले, "अगं, तू फिजिक्सवाली ना? मग सांग, ही चाकं लावल्यापासून हँडल इतकं जड का झालं? तासभर चालवली की खांदे भरून येतात." मी अगदी आत्मविश्वासाने म्हणाले, "काका, पुढच्या चाकाला ट्रेल असतो. तो चाकाला सरळ ठेवतो. जड वाटतंय म्हणजे गाडी स्थिर आहे, चांगलंच आहे की!" गॅरेजवाल्यानेही त्यांना साधारण हेच सांगितलं होतं. म्हणजे एमएस्सी करून, पीएचडीची तीन वर्षं घालवून मी गॅरेजच्या उत्तरापर्यंत पोहोचले होते, आणि ते उत्तर चूक होतं.

आधी शब्द नीट करून घेऊ. दुचाकीचं हँडल ज्या तिरप्या दांड्याभोवती फिरतं तो सुकाणूचा अक्ष. उभ्या रेषेशी त्याचा जो कोन होतो तो रेक. हा अक्ष तसाच खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो चाक जिथे टेकतं त्याच्या थोडा पुढे जमिनीला भेटतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक अक्षाच्या मागून फरपटत येतं, ऑफिसातल्या खुर्चीच्या चाकासारखं, म्हणून ते गाडीच्या दिशेला लागून राहतं. इथवर काही वाद नाही.

जोन्सने काय केलं

डेव्हिड जोन्स हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा 'द स्टॅबिलिटी ऑफ द बायसिकल' हा लेख एप्रिल १९७० मध्ये 'फिजिक्स टुडे'त आला. तेव्हा लोकप्रिय समजूत अशी होती की फिरत्या चाकाच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे सायकल उभी राहते. जोन्सने ठरवलं की चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायची. ज्या बदलाने सायकल खरोखर बिघडेल, तो तिच्या स्थिरतेचं मूळ.

पहिल्या सायकलीत पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारं दुसरं चाक बसवलं आणि ते उलटं फिरवलं. जायरोस्कोपिक परिणाम जवळपास शून्य झाला. तरी हँडल धरून सायकल आरामात चालवता आली. पुढे एका सायकलीत त्यांनी पुढचा चिमटा उलटा फिरवून ट्रेल वाढवला. ती ढकलून सोडली तर स्वाराशिवायही कौतुक वाटावं इतकी चालत राहिली. आणखी एकीत चाक पुढे सरकवून ट्रेल उणे केला, ती चालवणं फार कठीण गेलं. सोबत त्यांनी संगणकावर हिशेब केला की गाडी कलली की चाक त्या बाजूला आपोआप का वळू पाहतं. निष्कर्ष असा की खरा कर्ता ट्रेल.

या लेखाची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. एखाद्या गोष्टीचं कारण शोधायचं तर ती मोडून बघायची, हा प्रयोगशाळेतला सर्वांत जुना आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय. लेखकाने स्वतःची फजिती लपवलेली नाही. २००६ मध्ये 'फिजिक्स टुडे'ने तो पुन्हा छापला, ते उगाच नाही.

पहिली दुरुस्ती: २०११

पण "ट्रेल काढला की बिघडतं" यावरून "ट्रेलमुळेच स्थिरता" असं म्हणता येत नाही. मीठ काढलं की भाजी बेचव होते, म्हणून भाजीची चव फक्त मिठाची नसते.

२०११ मध्ये कोइमान, माइयार्ड, पापाडोपुलोस, रुइना आणि श्वाब यांनी 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला. त्यांनी छोट्या चाकांची, स्वाराशिवायची एक सायकल बनवली. जायरोस्कोपिक परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी काढून टाकलेला, आणि ट्रेल किंचित उणे, सुमारे ४ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही 'कारणं' हजर नाहीत. तरी ती ढकलून सोडली की स्वतःला सावरत धावायची. मग सावरायची कशामुळे? वस्तुमान कुठे ठेवलंय, त्यातही सुकाणूला जोडलेल्या पुढच्या भागाचं वस्तुमान कुठे आहे, यामुळे. ट्रेल निरुपयोगी आहे असं ते म्हणत नाहीत. ट्रेल एकटा आवश्यकही नाही आणि पुरेसाही नाही, एवढंच ते म्हणतात.

बहुतेक लिखाणांत जोन्सची चिकित्सा इथे संपते. माझी तक्रार मात्र पुढची आहे, आणि ती जोन्सपेक्षा आपल्यासारख्या वाचकांबद्दल जास्त आहे.

गाळलेली अट

जोन्स असोत वा २०११ चा गट, दोघांच्या युक्तिवादाची पहिलीच ओळ अशी आहे: *गाडी कलते.* गाडी कलली की चाक त्या बाजूला वळतं, चाक वळलं की गाडी पुन्हा चाकांवर येते. 'स्थिर' या शब्दाचा अर्थच इथे 'कललेली गाडी स्वतः सावरते' असा आहे.

आता मोटारसायकलच्या मागे एकाऐवजी दोन चाकं लावा. अमेरिकेत अशा ट्राइक खूप चालतात. आपल्याकडे सौराष्ट्रातला बुलेटपासून बनलेला छकडो त्याच जातीचा. काकांची स्कूटरही याच कुटुंबातली. ही गाडी रस्त्यावर कलतच नाही. ती मुळात उभी आहे, सावरायचा प्रश्न नाही. म्हणजे ज्या आजारावर ट्रेल हे औषध होतं तो आजारच संपला. औषध मात्र चालू राहिलं, आणि त्याचे दुष्परिणाम खांद्यांना भोगावे लागतात.

ते कसे, बघा. वळताना रस्ता पुढच्या चाकावर दोन बलं लावतो: वजन पेलणारं उभं बल आणि वळणाच्या आत ढकलणारं आडवं बल. दुचाकी वळणात अशी कलते की या दोन्हींची बेरीज साधारण चाकाच्याच प्रतलात येते. सुकाणूचा अक्षही त्याच प्रतलात. त्यामुळे ती बेरीज हँडल फिरवायला फारसं काही करू शकत नाही. म्हणून मोठी बाइकसुद्धा वळणात दोन बोटांनी धरता येते.

ट्राइक कलत नाही. आडवं बल चाकाच्या प्रतलाबाहेर राहतं, अक्षाच्या मागच्या बाजूला लागतं, आणि चाकाला सरळ करू पाहतं. वळण संपेपर्यंत स्वाराला त्याच्याशी झगडावं लागतं. ट्रेल जितका जास्त, तितका त्या बलाचा हात लांब.

अजून एक. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालवतो. दुचाकी अशा उतारावरही सरळ उभी राहते. तीनचाकी मात्र रस्त्याबरोबर डावीकडे झुकते, आणि पुढचं चाक सतत डावीकडे वळू पाहतं. ओढ छोटी असते, पण सरळ रस्त्यावरही ती सुटत नाही. ट्रेल जास्त तर ओढही जास्त. काकांचे खांदे का भरून येतात याचं अर्धं उत्तर इथे आहे.

हिशेब करून बघू

समजा मोठी मोटारसायकल आहे. चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, रेक २६ अंश, आणि चाकाचा आस सुकाणूच्या अक्षाच्या ५ सेंटिमीटर पुढे. याला ऑफसेट म्हणतात. सूत्र सोपं आहे:

ट्रेल = (त्रिज्या × साइन रेक − ऑफसेट) ÷ कोसाइन रेक

उत्तर येतं साधारण ९.५ सेंटिमीटर. ट्राइक करून पुढच्या चाकावर १५० किलो भार आहे आणि वळणातलं त्वरण गुरुत्वाच्या ०.३ पट आहे असं धरा. आडवं बल सुमारे ४४० न्यूटन. अक्षाभोवतीचं आघूर्ण काढताना सूत्रातल्या कंसातली लंबाई घ्यायची, म्हणजे ८.६ सेंटिमीटर. आघूर्ण येतं ३८ न्यूटन-मीटर. हँडलची मूठ मध्यापासून ३८ सेंटिमीटरवर असेल तर एका हाताने १०० न्यूटन, म्हणजे १० किलोची पिशवी उचलण्याइतका जोर. दोन हातांनी पाच-पाच. एका वळणाला ठीक. घाटात?

(हँडल वळलेलं असताना गाडीच्या वजनाचा उलट दिशेला थोडा परिणाम होतो, आणि टायरचा स्वतःचा वाटाही असतो. मोठ्या वळणात हँडल फार वळत नाही, म्हणून इथे दोन्ही सोडले आहेत.)

'रेक वाढवला' म्हणजे नक्की काय?

उपाय विचारला तर ट्राइकवाले म्हणतात, "रेक वाढवा, हँडल हलकं होईल." हे ऐकून माझ्यासारखी माणसं हसतात, कारण वरच्या सूत्रात रेक वाढवला तर ट्रेल वाढतो. मग कोण चूक?

कुणीच नाही. शब्द एकच आहे, क्रिया दोन आहेत. ४ अंशांचं उदाहरण घेऊ.

पहिली क्रिया: फ्रेमचं डोकं कापून सुकाणूचा अक्षच ४ अंशांनी तिरका केला. लांब चिमट्याच्या चॉपर गाड्यांमध्ये असतं तसं. रेक ३० अंश, ऑफसेट तेवढाच. ट्रेल ९.५ वरून १२ सेंटिमीटरच्या वर गेला. हाताचा जोर १० वरून १२ किलोच्या पुढे.

दुसरी क्रिया: अक्षाला हात लावला नाही. चिमट्याच्या दोन्ही नळ्या ज्यात धरलेल्या असतात तो वरचा सांगाडा, म्हणजे ट्रिपल ट्री, असा बसवला की नळ्या अक्षापेक्षा ४ अंश जास्त तिरक्या निघतील. वाकलेल्या जागेपासून चाकाच्या आसापर्यंत ५५ सेंटिमीटर धरले तर आस ३.८ सेंटिमीटर आणखी पुढे गेला. म्हणजे वाढला तो ऑफसेट. ट्रेल ९.५ वरून ५.३ वर आला. जोर साडेपाच किलो.

लांबून बघितलं तर दोन्ही गाड्यांचा चिमटा सारखाच तिरका दिसतो. एकीचं हँडल आधीपेक्षा जड, दुसरीचं जवळजवळ निम्मं हलकं. हार्ले-डेव्हिडसनने २००९ मध्ये ट्राय ग्लाइड ही ट्राइक आणली तेव्हा हेच केलं. त्यांच्या मोठ्या टूरिंग दुचाकींचा ट्रेल १७ सेंटिमीटरच्या आसपास आहे. ट्राइकचा चिमटा अधिक तिरका, आणि ट्रेल मात्र १० च्या आसपास.

यातून माझ्यापुरता धडा असा की कारागिराचं वाक्य सूत्राशी जुळत नसेल, तर आधी दोघांच्या व्याख्या तपासायच्या, मग हसायचं.

दुसरी बाजू

इथे थांबले तर मीही तीच चूक करेन. 'ट्रेल जास्त म्हणजे चांगलं' याच्या जागी 'ट्रेल कमी म्हणजे चांगलं' एवढंच होईल. ट्रेल फार कमी केला तर चाकाला सरळ ठेवणारा हात आखूड होतो, आणि छोट्या धक्क्यानेही हँडल डावी-उजवीकडे थरथरायला लागतं. ट्राइकमध्ये ही थरथर कमी वेगातही जाणवते. म्हणून अनेक ट्राइकना हँडलची थरथर शोषणारा डॅम्पर लावतात. शिवाय हँडल हलकं झालं म्हणजे ट्राइक उलटायची थांबली असं नाही. एकच चाक पुढे असलेली गाडी जोरात वळवली तर आतलं मागचं चाक उचललं जातं, आणि हलकं हँडल जोरात वळवणं सोपं करतं. भूमिती बदलली की एक दुखणं कमी होतं आणि दुसरं जवळ येतं.

काकांची स्कूटर

चूक कबूल केल्यावर काहीतरी करणं भाग होतं. ओळंबा, सुतळी आणि कोनमापक घेऊन स्कूटरचं पुढचं चाक मोजलं. बलाचा हात आला साधारण ७ सेंटिमीटर. पुढचं चाक घरातल्या वजनकाट्यावर ठेवून काकांना वर बसवलं, भार ७० किलोच्या आसपास. शाळेच्या मोकळ्या मैदानात चुन्याने १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. चुलत भावाने १५ किलोमीटरच्या वेगाने डावीकडे फेऱ्या मारल्या आणि डावी मूठ स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढून धरली. उजवा हात फक्त ॲक्सिलरेटर आणि ब्रेकवर. वर्तुळ लहान, हँडल जास्त वळलेलं, म्हणून यावेळी वजनाचा उलटा परिणाम हिशेबात धरला. कागदावर आलं सव्वा किलो. काटा नाचत होता, पण अडीचच्या आसपास.

दुप्पट! पहिल्यांदा वाटलं, हिशेब चुकला. तीनदा केला. मग भाऊ म्हणाला, "ताई, हँडल उभ्या गाडीवर पण घट्ट आहे." गाडी स्टँडवर लावून पुढचं चाक उचललं, आणि खरंच, हँडल अडखळत फिरत होतं. कोनसेट कोरडा पडलेला. टायरमध्ये हवाही कमी. मऊ टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि वळायला जास्त विरोध करतो. कोनसेट बदलला, हवा भरली. काटा दीडच्या थोडा वर आला.

म्हणजे काकांच्या त्रासातला बराच वाटा भूमितीचा नव्हताच, देखभालीचा होता. आणि "जड म्हणजे स्थिर" या माझ्या उत्तराने तो वाटा झाकला गेला होता. ते उत्तर ऐकून काका गाडी दाखवायला परत गेलेच नव्हते. चुकीच्या सिद्धांताने फक्त चुकीचं आकलन होतं असं नाही, त्याने तपासणीही थांबते.

उरलेला सव्वा-दीड किलो आहेच. तो भूमितीचा. दुचाकीसाठी बनवलेला चिमटा न बदलता बाजूला चाकं लावली की तो राहणारच. तो घरगुती कापाकापी आणि वेल्डिंगने काढायचा नसतो. चिमटा तुटला तर बोलायला काही उरत नाही. ते काम गाडी बनवणाऱ्यांचं. पण मागणी करायची तर आधी नेमकं काय मागायचं हे माहीत हवं: 'गाडी हलकी करा' नव्हे, 'तीनचाकीसाठी ऑफसेट वाढवलेला चिमटा द्या'.

तुमच्यासाठी

कोणताही गाजलेला लेख वाचलात की वहीत त्याचा निष्कर्ष एका ओळीत लिहिता ना? त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहायची सवय लावा: *हे कशाकशाबद्दल खरं आहे?* जोन्सच्या लेखाखाली मी आता लिहिलंय, 'कलू शकणाऱ्या गाडीबद्दल'. हे पाच सेकंदांचं काम मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षी केलं असतं तर काकांना दिवाळीतच नीट उत्तर मिळालं असतं.

मुलाखतीत तुम्हाला कुणी सायकल का पडत नाही असं विचारलं, आणि हा प्रश्न खरंच विचारतात, तर जोन्स सांगा, २०११ सांगा. मग थोडं थांबा आणि विचारा, "सर, सायकल कलू शकते असं धरायचं ना?"

काकांचा परवा फोन आला. खांदे बरे आहेत. उतारावर गाडी अजून डावीकडे ओढते म्हणाले. मी म्हटलं, ती ओढणारच. यावेळी 'चांगलंच आहे की' म्हणाले नाही.